सूर्यावरचे डाग आणि भडक्याचा अंदाज



"सौर वादळ येणार, उभी पिके करपतील, तीन दिवस घराबाहेर पडू नका," असे निरोप मोबाईलवरून गावोगाव फिरत असतात. मागे एका शिवारफेरीत एका भाजीवाल्या बागाईतदाराने मला विचारले, "साहेब, वादळाच्या आदल्या दिवशी पाणी जास्त सोडावे काय?" प्रश्न रास्त होता. म्हणून या वेळी बी-बियाणे बाजूला ठेवून थोडे सूर्याकडे वळू या.

सूर्याच्या अंगावर काळे डाग उठतात. ते खरोखर काळे नसतात. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापलेला, तर डागाची जागा चार हजारांच्या आतबाहेर. म्हणून शेजारच्या मानाने ती काळी दिसते. डागाच्या जागी लोहचुंबकासारखी ओढ फार जबर असते. सूर्याचे अंग घट्ट नाही, ते वायूचे आहे व सतत ढवळले जाते. त्यामुळे या चुंबकी ओढीला पीळ बसत जातो. चऱ्हाट वळताना पीळ जास्त झाला की त्याला आढी पडते आणि हातातून सुटले तर फटका बसतो, हे आपण जाणताच. तसाच साठलेला पीळ एकदम सुटला की सूर्यावर भडका उडतो. त्यालाच सौरज्वाला म्हणतात.

डाग कमी-जास्त होण्याचे चक्र साधारण अकरा वर्षांचे आहे. चालू चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. शास्त्रज्ञांच्या मंडळाने सांगितले होते, की जुलै २०२५ च्या सुमारास डागांचा आकडा ११५ पर्यंत चढेल. प्रत्यक्षात तो २०२४ मध्येच १६० च्या आसपास गेला. जगातल्या जाणत्या मंडळींचा अंदाज एवढा चुकतो, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचा.

भडक्याचा अंदाज कसा करतात? रोज डागांची पाहणी होते. एकटा, गोल, शांत डाग असला तर फारशी चिंता नाही. पण डागांचा मोठा पुंजका झाला, चुंबकाची उत्तर व दक्षिण टोके एकाच डागात गुंतली आणि पुंजका दिवसागणिक वाढू लागला, तर भडक्याची शक्यता वाढते. वळवाच्या पावसासारखेच हे आहे. उकाडा, दमट हवा आणि दुपारी चढणारे ढग पाहून आपण म्हणतो, आज येणार; पण कुणाच्या वावरात गारा पडतील ते सांगता येत नाही. म्हणूनच खरा अंदाज "उद्या मोठ्या भडक्याची शक्यता शेकडा तीस" अशा भाषेत असतो. अमुक दिवशी अमुक वाजता भडका उडणार असे कोणी आठवडाभर आधी छातीठोक सांगू लागला, तर तो निरोप तिथेच पुसून टाकावा.

भडक्याचा उजेड आपल्याकडे आठ मिनिटांत पोचतो. म्हणजे भडका दिसला तेव्हा तो पोचलेलाच असतो. पण काही वेळा त्याबरोबर वायूचा मोठा लोंढा सुटतो, त्याला यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन नावाचा गृहस्थ डागांचे चित्र काढीत असता त्यास भडका दिसला. सतराअठरा तासांत लोंढा येऊन थडकला व देशोदेशींच्या तारयंत्रांत बिघाड झाला. त्या वादळाची नोंद आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही झाली. तेथील आकडे आजही जगभर अभ्यासले जातात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून ही चुंबकीय मोजणी अलिबागला हलविली, ती तेथे अजून चालू आहे.

आता आपले आदित्य एल-१ हे यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूस आहे. जानेवारी २०२४ पासून ते तिथे पहारा करते. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने तयार केली आहे. लोंढा आधी त्या ठिकाणावरून जातो. तिथून मिळणारी सूचना सर्वात भरवशाची, पण ती तासाभराआधीचीच.

आता पिकांचे. पीक करपणार नाही, पाणी जास्त सोडू नका. पृथ्वीचे चुंबकीय कवच आणि हवेचा थर आपल्याला सांभाळतात. डाग भरपूर असोत वा नसोत, सूर्याच्या एकूण उष्णतेत फरक पडतो तो हजारात एक भागाएवढा. डागांवरून गव्हाचे भाव ठरवण्याचा खटाटोप १८०१ साली हर्शेलने केला. आपल्या पावसाशीही अनेकांनी मेळ घालून पाहिला, पण पेरणीची तारीख ठरवावी असे त्यातून काही निघालेले नाही.

नुकसान होते ते यंत्रांचे. मार्च १८८९ नव्हे, मार्च १९८९ ची गोष्ट, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या हयातीतली: कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. ध्रुवाजवळच्या प्रदेशात हा धोका मोठा, आपल्याकडे कमी. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन मका पेरणीच्या हंगामात उपग्रहाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ओळी चुकू लागल्या, आणि अनेक शेतकऱ्यांनी पेरणी थांबविली. आपल्याकडे ड्रोनने फवारणी करवून घेणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे. जोरदार वादळाची अधिकृत सूचना असेल त्या दिवशी ड्रोन उडवू नये. फवारणी एक दिवस पुढे गेल्याने सहसा बिघडत नाही. शेजाऱ्याच्या द्राक्षावर तणनाशक पडले तर मात्र भांडण जन्माचे.

मुलांना डाग दाखवायचे असतील तर सूर्याकडे थेट कधीही पाहू देऊ नका. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्मही चालत नाही. लहान आरशावर कागद चिकटवा, त्याला ज्वारीच्या दाण्याएवढे भोक ठेवा. आरसा अंगणात ठेवून कवडसा तीस फूट आत, अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. साडेतीन इंचांचे सूर्यबिंब दिसेल आणि मोठा डाग असला तर तोही. रोज पाहिले तर तो थोडा पुढे सरकलेला असतो, दोन आठवड्यांत कडेआड जातो आणि टिकला तर पुन्हा उगवतो. मे २०२४ चा डाग असाच महिनाअखेरीस परत आला, आणि येताच पुन्हा मोठा भडका उडाला.