लाट ओसरली, पाणी तापले

त्सुनामीनंतर अंदमानचे पर्यटन पुन्हा उभे राहिले, त्यात समुद्रतळाशी असलेल्या प्रवाळांचा वाटा मोठा आहे. मात्र ज्या प्रवाळांनी प्रलयंकारी लाट पचवली, त्यांना आता तापते पाणी आणि वाढती गर्दी सोसावी लागत आहे. स्कूबा डायव्हिंगच्या या व्यवसायाचे भवितव्य काय, याचा वेध.

हॅवलॉक बेटावरील एलिफंट बीचवर उतरताच प्रथम नजरेत भरतात ती वाळूत आडवी पडलेली, वठलेली महाकाय खोडे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने उन्मळून टाकलेल्या झाडांची ही खूण. तिच्यापासून काही पावलांवर मुंबई-पुण्याहून आलेली कुटुंबे तोंडावर मास्क चढवून पाण्यात उतरण्याच्या तयारीत असतात. ज्या समुद्राने हजारो संसार धुऊन नेले, त्याच समुद्रावर आज हे बेट (२०१८ पासूनचे त्याचे अधिकृत नाव स्वराज द्वीप) जगते आहे.

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या उत्तर टोकाजवळ समुद्रतळ हादरला. नऊहून अधिक तीव्रतेच्या या भूकंपाने सुमारे १,२०० किलोमीटर लांबीचा भूस्तर सरकवला आणि हिंदी महासागराभोवतीच्या देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. सर्वाधिक हानी इंडोनेशियाच्या आचे प्रांतात झाली. थायलंडमधील मृतांचा आकडा पाच हजारांवर गेला आणि त्यांत परदेशी पर्यटकांचे प्रमाण मोठे होते. आपल्याकडे निकोबार बेटांनी सर्वांत मोठा घाव सोसला. भारताचे दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचला आणि तेथील दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला.

पाण्याखाली काय घडले?

खोल समुद्रात त्सुनामीची लाट जेमतेम हात-दीड हात उंच असते. तिचा वेग मात्र ताशी ७००-८०० किलोमीटर असतो. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की हा वेग मंदावतो आणि पाण्याची भिंत उभी राहते. त्यामुळे त्या सकाळी थायलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ खोल पाण्यात बुडी मारलेल्या अनेक पाणबुड्यांना केवळ विलक्षण ओढ आणि गढूळलेले पाणी जाणवले. वर आल्यावर, किनाऱ्याकडे परतताना त्यांना अनर्थाची कल्पना आली.

प्रवाळांचेही थोडेफार असेच झाले. थायलंडमधील पाहणीत तपासलेल्या ठिकाणांपैकी सुमारे १३ टक्के ठिकाणी गंभीर हानी आढळली. निम्म्याहून अधिक ठिकाणी ती नगण्य होती. लाटेपेक्षा तिने परतताना ओढून नेलेला गाळ, मोडकी घरे, जाळी आणि पत्रे यांनी प्रवाळ अधिक दुखावले. फी फी बेटांवर स्वयंसेवक पाणबुड्यांनी कित्येक महिने उपसागराच्या तळातून हा कचरा वर काढला. अंदमानचे चित्र मात्र वेगळे होते. तेथे जमीनच हलली. उत्तर अंदमानात समुद्रतळ उचलला गेला आणि इंटरव्ह्यू बेटासारख्या ठिकाणी प्रवाळांचे पट्टेच्या पट्टे पाण्याबाहेर उघडे पडून करपले. दक्षिणेकडे जमीन खचली आणि सिप्पीघाटसारख्या भागातील शेतात खारे पाणी शिरून राहिले. या दोन टोकांच्या मधोमध असलेला हॅवलॉकचा परिसर तुलनेने बचावला. आजच्या व्यवसायाचा पाया त्या बचावात आहे.

पोट समुद्रावर

हॅवलॉकची वस्ती प्रामुख्याने फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या निर्वासितांची. भात, नारळ, सुपारी हे त्यांचे पूर्वापार आधार. त्सुनामीनंतर पर्यटकांचा ओघ आटला तेव्हा बेटावरील मोजक्या डायव्हिंग केंद्रांसमोर अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. परंतु पुढील दशकात देशांतर्गत विमानसेवा वाढली आणि भारतीय मध्यमवर्गाला समुद्राखालच्या जगाची ओढ लागली. करोनापूर्वी अंदमानला येणाऱ्या पर्यटकांची वार्षिक संख्या पाच लाखांच्या घरात पोचली. आता शेतकऱ्याचा मुलगा प्रशिक्षक होतो. मध्य अंदमानातील करेन समाजाचे पिढीजात दर्यावर्दी डायव्हिंगच्या बोटी चालवतात. हॉटेल, रिक्षा, उपाहारगृह, सिलिंडरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर या सर्वांचा हिशेब शेवटी तळाशी असलेल्या प्रवाळांपर्यंत जाऊन पोचतो. येथे पर्यावरणाचा प्रश्न रोजगारापासून वेगळा काढता येत नाही, तो यामुळेच.

दुसरे संकट, आवाज न करणारे

त्सुनामीने दिलेला तडाखा काही मिनिटांचा होता. २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र अंदमान समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापले आणि आठवड्यांमागून आठवडे तापलेलेच राहिले. प्रवाळाच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न आणि रंग पुरवते. पाण्याचे तापमान नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा अवघा एखादा अंश वाढून काही आठवडे टिकले, तरी प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी वेळेवर निवले तर तो सावरतो, अन्यथा उपासमारीने मरतो. २०१० नंतर २०१६ मध्येही अंदमानात हेच घडले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सागरी व वातावरणीय प्रशासनाने जगातील चौथी व्यापक विरंजन घटना जाहीर केली. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपमधील प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले.

फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला दहा सेंटीमीटर किंवा अधिक वाढतात, त्यामुळे त्सुनामीसारख्या एखाद्या घावातून ते दशकभरात सावरू शकतात. गोलाकार, दगडासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. उष्णतेच्या दोन तडाख्यांमधले अंतर कमी होत गेले, तर सावरायला उसंतच उरत नाही. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अंदमानचे पाणी सर्वाधिक तापते ते एप्रिल-मेमध्ये. आपल्या शाळांना सुट्या लागतात त्याही याच महिन्यांत. म्हणजे प्रवाळ सर्वाधिक अशक्त असताना त्यांच्यावर गर्दी येऊन आदळते.

थायलंडने काय केले?

२०१० च्या तापमानवाढीनंतर थायलंडने जानेवारी २०११ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानांतील १८ डायव्हिंग स्थळे बंद केली. त्सुनामीतून नुकत्याच सावरलेल्या व्यावसायिकांत याविषयी नाराजी होती, तरी सरकार मागे हटले नाही. २०१८ मध्ये फी फी बेटांवरील प्रसिद्ध माया बे पर्यटकांसाठी बंद करण्यात आली. ती जानेवारी २०२२ मध्ये, संख्येचे बंधन घालून, पुन्हा उघडली. सिमिलन बेटांवर २०१८ च्या हंगामापासून दिवसाला ३,३२५ पर्यटकांची मर्यादा आली आणि मुक्काम बंद झाला. २०२१ मध्ये प्रवाळांना घातक रसायने असलेली सनस्क्रीन राष्ट्रीय उद्यानांत नेण्यास मनाई झाली. या उपायांनी समुद्र थंड होत नाही, हे खरे. परंतु आजारी माणसाला निदान धक्काबुक्कीपासून दूर ठेवावे, एवढाच त्यामागील विचार आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान आहे. पण वाघाच्या अंगावर कोणी पाय देत नाही. ‘पोहता येत नसले तरी चालेल’ या आश्वासनावर काही हजार रुपयांत होणारी नवशिक्यांची बुडी किनाऱ्यालगतच्या त्याच त्या उथळ पट्ट्यात, निमो रीफसारख्या ठिकाणी, दिवसभर चालते. पायातल्या पंखांनी उडालेली वाळू आणि छायाचित्रासाठी धरलेला प्रवाळ यांची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही.

उपाय अंदमानातच आहे. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे वर्षात आलटूनपालटून उघडली जातात आणि जॉली बॉयवर प्लास्टिक नेता येत नाही. हाच आलटूनपालटून विश्रांतीचा नियम हॅवलॉकच्या उथळ स्थळांना लावणे, पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापल्यास नवशिक्यांच्या बुड्या थांबवणे आणि बोटींसाठी नांगराऐवजी कायमस्वरूपी बोये बसवणे, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. अर्थात, बंदीच्या काळात बोटवाल्याची चूल कशी पेटणार, याचे उत्तर प्रशासनाला आधी द्यावे लागेल. अन्यथा नियम कागदावरच राहील.

हा प्रश्न कोकणालाही परका नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे. तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर स्कूबा हा आज अनेक कुटुंबांचा रोजगार आहे. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने तेथील बोटी-घरांची हानी केली. वर्षभरातच, मे २०२२ मध्ये, स्कूबाहून परतणारी बोट तारकर्लीजवळ उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. वादळ निसर्गाचे असते. परंतु त्यानंतर घाईघाईने उभारलेल्या व्यवसायातील त्रुटी आपल्या असतात.

त्सुनामी रोखणे कोणाच्याच हाती नव्हते. मे महिन्याच्या सुटीत एका प्रवाळपट्ट्यावर दिवसाला किती माणसे उतरवायची, हे ठरवणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.