नकारपत्र आणि भीमगीते

"भीमगीते सभागृहात शोभतात; घरातल्या रडगाण्याला ती कशाला?" असे आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मागे विचारले होते. त्यांचा आदर राखून आम्ही येथे वेगळे मत मांडीत आहोत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलाला लंडनमधील एका कंपनीने नकार कळविला. तीन मुलाखती झाल्या होत्या. घरात मनोमन पेढेही वाटून झाले होते. पत्र अत्यंत सभ्य, आणि कारण म्हणून काहीही न सांगणारे. आपल्या माणसांना असे कोरे पत्र फार छळते. रंग किंवा नाव आडवे आले, की तयारीच कमी पडली? पहिली शंका सिद्ध करता येत नाही आणि दुसरी झोपू देत नाही.

चार दिवस मुलगा खोलीबाहेर आला नाही. आम्ही केलेला उपदेश वाया गेला. पाचव्या दिवशी, खरे सांगायचे तर स्वतःच्याच मनाच्या समाधानासाठी, आम्ही जुना टेपरेकॉर्डर काढला. एका ६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळ घेतलेल्या कॅसेटी आम्ही लुगड्यात गुंडाळून या देशी आणल्या होत्या. फीत मधूनच घरघरत होती. तरी ढोलकीवर थाप पडली, प्रल्हाद शिंदे यांचा चढा स्वर स्वयंपाकघरात भरला आणि मुलगा जिन्यात येऊन बसला. शब्द त्याला निम्मेच कळत होते. "बाबा, ही गाणी लिहिली कोणी?" त्याने विचारले.

काही गाणी वामनदादा कर्डक यांची होती. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस मुंबईत मजुरी करीत असे. कोणीतरी दिलेले पत्र वाचता आले नाही, म्हणून मोठेपणी अक्षरे शिकला आणि पुढे गावोगाव गात फिरला. त्यावरून बोलणे बाबासाहेबांवर आले. १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही काढल्यावर त्यांनी कामाठीबागेत बसून गाडीची वेळ होईपर्यंत वाट पाहिली. मुंबईत त्यांनी शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला. जात कळताच गिऱ्हाईक तुटले. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकपद १९१८ मध्ये मिळाले.

मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. दोष आमचाच. दर जयंतीला आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. किंग हेन्रीज रोडवरील घर मुलांना दाखवितो. पण लंडनला परतण्यापूर्वीची कामाठीबागेतील ती संध्याकाळ सांगत नाही. मग मुलांना वाटते, नकार फक्त आपल्याच वाट्याला येतो.

गाण्याने नोकरी मिळत नाही, हे आम्हांस कळते. मुलाचे अर्ज अजून चालूच आहेत. मात्र ज्या गाण्यांनी आमच्या आईवडिलांना गिरणीच्या पाळीनंतर उभे केले, त्यांना केवळ १४ एप्रिलच्या व्यासपीठासाठी राखून ठेवणे आम्हांस पटत नाही.

मुलाने त्या कॅसेटी आता फोनवर उतरवून घेतल्या आहेत. एकीची दुसरी बाजू पार गेली आहे. कोणाच्या माळ्यावर जुन्या कॅसेटी पडून असतील, तर येत्या जयंतीला अवश्य घेऊन याव्यात. टेपरेकॉर्डर आम्ही आणू.