गोधडी मशीनवर देण्यापूर्वी



शेतीखात्यातल्या माणसाने गोधडीवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आमच्या घरची एक गोधडी माझ्या घाईने बिघडली, म्हणून लिहितो.

आई गेल्यावर तिच्या दोन फिकट लुगड्यांच्या चौकटी कापून, मधे नवे लाल खण घालून, सौभाग्यवतींनी गोधडीचा वरचा थर हाताने जोडला. मी म्हटले, आता महिनाभर धावदोरा कशाला, तालुक्याला मशीनवर देऊ. शिवून आली ती कडेला चुण्या घेऊनच. पहिल्या धुण्यात लाल रंग आईच्या लुगड्यावर उतरला. तो अजून गेलेला नाही. मशीनवाल्याचा दोष नव्हता. दिले तसे त्याने शिवले. हाताने शिवणारी बाई कुठे कापड फुगले तर बोटाने दाबून सामावून घेते, मशीन घेत नाही.

तेव्हा नवे कापड आधी धुवावेच. त्याची खळ निघते आणि आटायचे ते आटते. जुने लुगडे आटून बसलेले असते. दोन्ही तशीच जोडली तर पुढे सुरकुत्या ठरलेल्या. गडद कापडाचा तुकडा पांढऱ्या चिंधीबरोबर गरम पाण्यात अर्धा तास ठेवून पाहावा. बियाण्याची उगवण तपासतो, तसेच हे. चिंधी रंगली तर ते कापड पुन्हा धुवावे, तरी रंग सोडले तर बाजूला ठेवावे. मीठ टाकून रंग पक्का होतो यावर विसंबू नये. लुगडे उजेडासमोर धरावे, विरलेला भाग गाळावा. फॉल, हुक, जरीचा काठ काढून टाकावा.

चुण्यांचे मूळ बहुधा काठपट्टीत असते. पट्टी कडेला लावत लावत शिवली की ती लांब पडते, कारण कडा हाताळून ताणलेली असते. गोधडीच्या मधोमध मोजावे आणि तेवढीच पट्टी कापावी. आधी दोन टोके व मध्य टाचून घ्यावा, मग शिवावे. काटकोन पाहायला, वाफा आखताना करतो तेच करा: दोन्ही कर्ण दोरीने मोजा. सारखे भरले तर चौकोन सरळ.

उलट्या बाजूचे लोंबते दोरे कापावेत, फिकट कापडाखालचे तर नक्कीच. नाहीतर ते वरून दिसतात. शिवणी एका बाजूला पाडून इस्त्री करावी, पण इस्त्री ओढू नये.

मशीनवाल्याला दोन गोष्टी आधी विचाराव्यात. सुईखाली किती थर जातील, आणि कापड चौकटीवर ताणतो की टेबलावर शिवतो. चौकटीवर ताणणार असेल तर अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच मोठे द्यावे व थर सुटेच ठेवावेत. टेबलावर शिवणार असेल तर वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालून द्यावेत. वरची बाजू कोणती, याची चिठ्ठी टाचायला विसरू नका. आमच्या शेजारी एकीच्या गोधडीचे डोके पायाशी गेले आहे.