आधी डीबी बघा, मग गच्ची



सध्या चार बायका जमल्या की सोलरचा विषय निघतोच. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांची सबसिडी मिळते, हे सगळ्यांना पाठ आहे. प्लेटा कुठल्या कंपनीच्या, वॉरंटी किती, हेही आपण विचारतो. पण मीटरशेजारच्या पेटीबद्दल, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्डाबद्दल कुणी विचारत नाही. कोटेशनमध्ये ती शेवटच्या ओळीत असते आणि घासाघीस करताना पहिली कात्री तिलाच लागते. माझं मत स्पष्ट आहे. काटकसर हवी तिथे करा, या पेटीत नको.

साधं ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडतं, बाहेर रखरखीत ऊन असलं तरी. हा दोष नाही. लाइन दुरुस्त करणाऱ्याला आपल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. मग लाइट गेल्यावरची सोय म्हणून लोक जनरेटर आणतात, आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

काही घरांत दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला जोडतात. मेन स्विच बंद करायचं कुणीतरी लक्षात ठेवायचं! विसरलं, तर वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. ट्रान्सफॉर्मरमधून ती उलट गेली की 230 व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो.

यावर उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. एका बाजूला लाइन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम जोडताच येत नाहीत, त्यामुळे कुणाच्या आठवणीवर भरवसा ठेवावा लागत नाही. सिंगल फेजला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा घ्या, म्हणजे न्यूट्रलही तुटतं. 5 केव्हीएचा सिंगल फेज जनरेटर साधारण 22 अँपिअर देतो. पण लाइनकडून 40 अँपिअर येणार असतील तर स्विच त्या हिशेबाने हवा, जनरेटरच्या नाही.

ऑन-ग्रिड सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या लाइनकडच्या बाजूला हवी. घराच्या बाजूला केली, तर जनरेटर सुरू झाल्यावर इन्व्हर्टर त्यालाच लाइन समजून त्यात वीज ढकलू शकतो आणि जनरेटर बिघडतो. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर त्याला जनरेटर जोडता येतो का, हे घेण्यापूर्वीच विचारा.

मग लोडची वाटणी. मी कॉमर्सची, म्हणून मला ती जमाखर्चासारखीच वाटते. दिवे, पंखे, फ्रीज, पाण्याचा फिल्टर बॅकअपच्या वेगळ्या बोर्डावर. 2 किलोवॅटचा गीझर, एसी, इस्त्री बाहेर. या दोन बोर्डांचं न्यूट्रलही वेगळं ठेवायला सांगा, नाहीतर आरसीसीबी सारखा पडतो आणि मग वैतागून कुणीतरी तो काढूनच टाकतं. माणसाला धक्क्यापासून वाचवणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. प्लेटांच्या बाजूला डीसीचेच ब्रेकर घ्या. घरातली एसी वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, म्हणून ठिणगी विझते. डीसीत तसं होत नाही, ठिणगी टिकते आणि आग लागू शकते.

“हे पुरुषांचं काम, आपल्याला काय कळतं?” असं काहीजणी म्हणतील. पण दुपारी लाइट जाते तेव्हा घरात कोण असतं? आपणच. म्हणून प्रत्येक स्विचखाली मराठीत नाव लिहून घ्या. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी त्याला जनरेटर चालू करायला लावा आणि मीटरकडच्या तारेत वीज येत नाही, हे मीटर लावून दाखवायला सांगा.

आपण पाणी गाळून वापरतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो हे पाठशाळेत शिकलो. मग खांबावरच्या माणसासाठी एक स्विच नीट बसवून घेणं, हाही यत्नाचारच आहे. त्याचे पैसे वाचवू नका.