राजीनामा स्वतःच्या हाताने लिहा

नोकरी कशी मिळवावी यावर आपल्या समाजात पुष्कळ बोलले जाते. मोहल्ल्यांत करिअर मार्गदर्शनाची शिबिरे होतात, बायोडेटा कसा लिहावा, मुलाखतीला कसे बसावे, हे सांगितले जाते. नोकरी सोडावी कशी, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. गेली बारा वर्षे मी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात मनुष्यबळ विभागात काम करते. येणाऱ्यांचे अर्ज आणि जाणाऱ्यांचे राजीनामे दोन्ही माझ्या टेबलावरून जातात. आपली मुले-मुली कामात कुणाला हार जात नाहीत. पण निघताना मात्र त्यातली बरीच जण कमावलेले हातचे घालवून बसतात. म्हणून हे लिहिते आहे.

यामागे कारण आहे. मुस्लिम समाजात नियमित पगारी नोकरीचे प्रमाण कमी आणि स्वतःच्या लहानसहान धंद्याचे प्रमाण जास्त आहे, हे सच्चर समितीने २००६ सालीच दाखवून दिले. गॅरेज, बेकरी, यंत्रमाग, शिवणकाम, फळांची गाडी. तिथे नेमणूकपत्र नसते, त्यामुळे राजीनामाही नसतो. ‘सेठ, कल से नहीं आऊँगा’ एवढे म्हटले की संपले. बऱ्याचदा तेवढेही नाही. ईदला गावी गेलेला कारागीर महिनाभर आला नाही की समजून घ्यायचे. सेठसुद्धा कारागिराला असाच एका शब्दावर घरी पाठवतो, म्हणून ते तिथे चालून जाते. तुमच्यापैकी अनेक जण घरातले पहिले नेमणूकपत्रवाले आहात. अब्बांना विचारावे तर त्यांनी आयुष्यात कधी राजीनामा लिहिलेला नाही. मग धंद्यातली रीत कंपनीत येते आणि नुकसान होते.

माझ्या पाहण्यात चुकीच्या जाण्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला, गायब होणे. दुसरीकडे चार हजार जास्त मिळाले, सोमवारपासून या म्हणाले, की फोन बंद. नेमणूकपत्रात एक, दोन किंवा तीन महिन्यांचा नोटीस पिरियड लिहिलेला असतो. तो तुम्ही सही करून मान्य केलेला असतो, म्हणजे तुमची जबान दिलेली असते. न सांगता गेलात तर कंपनी रिलीव्हिंग लेटर रोखते, नोटिशीचे पैसे हिशेबातून कापते आणि फाइलवर ‘परागंदा’ असा शेरा पडतो. आज नाही, पण तीन वर्षांनी मोठ्या कंपनीत निवड होते तेव्हा तिथून पडताळणीचा फोन येतो आणि तो शेरा वाचून दाखवला जातो. असे फोन मी घेतलेले आहेत. समोरचा मुलगा किती हुशार होता हे मला ठाऊक असते, पण कागदावर असेल तेच सांगावे लागते.

नवीन कंपनी थांबायला तयार नसेल तर तसे उघड बोला. ‘मला तीस दिवसांऐवजी पंधरा दिवसांत मोकळे करा, उरलेल्या दिवसांचे पैसे कापा’ हे म्हणण्यात गैर काही नाही. बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो. बाँड लिहून दिला असेल तर मात्र तो नीट वाचा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरा प्रकार, भांडून जाणे. इथे मला सांभाळून बोलले पाहिजे, कारण भांडणाचे कारण अनेकदा खरे असते. दाढीवरून टोमणे, डब्यात काय आणले यावर विनोद, क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी मुद्दाम विचारलेला प्रश्न, भाड्याच्या घराच्या चौकशीत सहकाऱ्याने अचानक फिरवलेली नजर. हे सगळे होते आणि ते सहन करत राहा असे मी कुणालाही सांगणार नाही. माझे म्हणणे इतकेच की तक्रार आणि राजीनामा हे दोन वेगळे कागद आहेत. तक्रार नोकरीत असतानाच करा. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार यांसह लेखी करा आणि तिची पोच घ्या. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांत तिच्याकडे जावे लागते. राजीनामा मात्र चार ओळींचा असू द्या. ‘अमुक तारखेपासून मी पद सोडत आहे, शेवटचा दिवस अमुक, काम सोपवून जाईन, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.’ बस्स. मनातली आग व्हॉट्सॲप ग्रुपवर ओतून निघाल्यावर घडलेला अन्याय सगळे विसरतात आणि तुमची भाषा तेवढी लक्षात ठेवतात.

चांगल्या संबंधांनी जाणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. कारण लपवले नाही, लोकसभेत उभे राहून सांगितले. तरीही पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाची धुरा त्याच सरकारच्या काळात त्यांच्याकडे होती. मतभेद स्पष्ट होता आणि काम चोख होते, म्हणून दार बंद झाले नाही.

तिसरा प्रकार मला सर्वांत जास्त बोचतो. तो म्हणजे मुलीचा राजीनामा तिच्याऐवजी दुसऱ्याने देणे. मंगनी ठरते, सासरच्यांना नोकरी नको असते, आणि एक दिवस मुलीच्या ईमेलवरून दोन ओळींचा मजकूर येतो, जो तिने लिहिलेला नाही हे भाषेवरूनच कळते. एकदा तर भाऊ गेटवर येऊन सुरक्षारक्षकाकडे लिफाफा देऊन गेला. मी तो स्वीकारला नाही. मुलीला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, घेऊन टाका ना.’ मी म्हटले, ‘घेईन, पण तू स्वतः येऊन सही कर.’ ती आली. लॅपटॉप जमा केला, काम समजावून दिले, अनुभवाचे पत्र घेतले, सगळ्यांना सलाम-नमस्कार करून गेली. तिचा निर्णय मी बदलू शकले नाही, पण साडेतीन वर्षांनी तिला पुन्हा नोकरीची गरज पडली तेव्हा तेच पत्र कामी आले. लिफाफ्यावर निघून गेली असती तर तिच्याकडे दाखवायला काय होते?

म्हणून बहिणींना माझे सांगणे आहे की निर्णय कुठलाही असो, राजीनामा तुम्ही लिहा, तुम्ही द्या. त्याआधी विचारून घ्या की बिनपगारी रजा मिळते का, बदली होते का, काही दिवस घरून काम करता येते का. बाळंतपणासाठी सोडणार असाल तर थांबा. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा २०१७ पासून कायद्याने दिलेला हक्क आहे. त्याआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की पुरते. आधी राजीनामा दिला तर हा हक्क स्वतःच्या हाताने सोडल्यासारखे होते. आणि भावांना, अब्बांना सांगणे आहे की मुलीला नोकरी लागली तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते. मग तिचे जाणे असे चोरासारखे का?

आता एक मुद्दा, ज्यावर आपल्यातले बुजुर्ग माझ्याशी सहमत नसतात. ते म्हणतात, ‘नीट निघा, कौमची इज्जत आहे. एक मुलगा पळाला तर पुढच्या दहांना कुणी घेणार नाही.’ असे घडते हे खरे आहे. नोटीस न देता दहा जण जातात तेव्हा साहेब म्हणतात, ‘हल्लीची पोरं.’ त्यात एखादे नाव आपले असले की म्हणतात, ‘ही लोकं.’ मी हे मीटिंगमध्ये ऐकले आहे आणि तिथेच टोकलेही आहे. पण हा साहेबांच्या नजरेचा दोष आहे. त्याचे ओझे बावीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर का टाकायचे? तुम्ही ऑफिसात समाजाचे वकील म्हणून गेला नाहीत, काम करायला गेला आहात. नीट निघा ते स्वतःसाठी, आणि तुमच्या जागी उद्या जो येईल त्याच्यासाठी. त्याचे नाव काहीही असेल. अर्धवट फाइली, न सांगितलेले पासवर्ड, कुणालाच ठाऊक नसलेले ग्राहक, या सगळ्याचा भार त्याच्यावर पडणार असतो. तुमच्याकडे सोपवलेले काम ही अमानत आहे, ती जशीच्या तशी परत करायची. एवढे पुरे आहे.

आणि अमानत दोन्ही बाजूंनी असते. चांगल्या संबंधांच्या नावाखाली आपले हक्काचे पैसे मागायला लाजू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे, राजीनामा दिलेल्याचा देय पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा. पाच वर्षे सलग सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते, राजीनामा दिला तरीही. तिचा हिशेब सोपा आहे: शेवटच्या महिन्याचा हिशेबात धरायचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. तो पगार २६,००० असेल तर दर वर्षाचे १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. पाच वर्षे पुरी होत आली असतील तर चार हजारांच्या वाढीसाठी घाईने निघण्याआधी हे गणित एकदा मांडा. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटीची तरतूद आहे.

पीएफबद्दल दोन गोष्टी. नोकरी बदलताना तो काढून खर्चू नका, नव्या खात्यात वळवा. सेवेची दहा वर्षे जोडली गेली तर पेन्शनचा हक्क तयार होतो. दुसरे म्हणजे निघण्याआधी नाव तपासा. आपल्या लोकांचे सर्वाधिक दावे इथे अडकलेले मी पाहते. आधारवर ‘शेख’ आधी, पीएफमध्ये शेवटी. एकीकडे ‘मोहम्मद’ पूर्ण, दुसरीकडे नुसते ‘मो.’, लग्नानंतर आडनाव बदललेले, कागद जुनेच. कंपनीत असताना ही दुरुस्ती सहसा लवकर होते. गेल्यावर त्यासाठीच महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. कंपनीने तुमची निघाल्याची तारीख नोंदवली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर तुम्हाला स्वतः नोंदवता येते.

रत्नागिरी-रायगडकडच्या ज्या घरांतून मुले आखातात जातात, त्यांच्यासाठी तर हा विषय आणखी गंभीर आहे. इथे गायब झालात तर शेरा पडतो. सौदीत कफिलाने ‘हुरूब’ लावला की राहण्याचा परवानाच धोक्यात येतो. उलट रीतसर निघालेल्याला तिथेही हक्क आहेत. संयुक्त अरब अमिरातीत एक वर्ष पुरे केलेल्याला पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दर वर्षी ३० दिवसांचा मूळ पगार सेवासमाप्तीचा म्हणून मिळतो. नोटीस दिल्याचा पुरावा जवळ ठेवा, तोंडी बोलण्यावर राहू नका.

बाकी करायचे थोडके आहे. आधी साहेबांना समोरासमोर सांगा, मग ईमेल करा. ग्रुपवरून त्यांना कळू देऊ नका. काय चालू आहे, काय बाकी आहे, कुणाला विचारायचे, याची एक यादी लिहून द्या. ओळखपत्र, लॅपटॉप, किल्ली देताना पोच घ्या. राजीनामा स्वीकारल्याचे उत्तर, अनुभवाचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ स्वतःच्या ईमेलवर ठेवा. कंपनीची माहिती मात्र सोबत नेऊ नका. आणि शेवटच्या दिवशी चहा देणाऱ्या मावशींनाही भेटून या.

शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना एक विनंती. मुलाखतीची तयारी घेता ते चांगलेच आहे, पण पुढच्या वेळी अर्धा तास या विषयाला द्या. नेमणूकपत्र कसे वाचायचे, राजीनामा कसा लिहायचा, हिशेब कसा तपासायचा, हे मुला-मुलींकडून तिथेच एकदा कागदावर करून घ्या. घरात हे शिकवणारे कुणी नसेल, तर ते आपल्यालाच शिकवावे लागेल.