गोठलेला नळ आणि बंद खोली

श्रीनगरमध्ये २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलान’ सुरू होते. कडाक्याच्या थंडीचे हे चाळीस दिवस. रात्रीचे तापमान शून्याच्या कितीतरी खाली जाते आणि घराबाहेरच्या भिंतीवरून नेलेले पाइप गोठतात. सकाळी नळ उघडला तर थेंबही येत नाही. मग कागद, काटक्या पेटवून पाइप शेकण्याचा उद्योग दारोदारी चालतो. महाराष्ट्राला हा प्रश्न अनोळखी आहे. मात्र हिवाळ्यात काश्मीर-लडाखला जाणारे मराठी पर्यटक आणि तिथे तैनात असलेले मराठी जवान यांची त्याच्याशी गाठ पडते. नळ गोठणे हा प्लंबरचा विषय वाटला, तरी त्यावर माणसे जे उपाय करतात ते कधी कधी जिवावर बेततात.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. तरीही पाइप फुटतो तो बहुधा बर्फाच्या जागी नव्हे. बर्फाचे बूच वाढत जाते, तसा ते बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावरचा दाब वाढतो आणि पाइपचा कच्चा सांधा तडकतो. म्हणूनच कडक थंडीच्या रात्री नळाची बारीक धार सोडून ठेवतात. दाबाला वाट मिळते. पाणी वाया घालवायचे नसेल, तर त्याहून चांगला उपाय म्हणजे संध्याकाळी मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडायचे आणि पाइप रिकामे करायचे. उघड्या पाइपांना फोमचे वेष्टण किंवा कोरडे गोणपाट गुंडाळावे. रात्रीपुरते पाणी घरात भरून ठेवावे.

इतके करूनही पाइप गोठलाच, तर घाई करू नये. आधी नळ उघडावा. मग नळाच्या बाजूने सुरुवात करून गोठलेल्या भागाकडे सरकत, गरम पाण्यात पिळलेली फडकी पाइपवर ठेवावीत. उकळते पाणी एकदम ओतू नये आणि ज्योत तर अजिबात लावू नये. प्लास्टिकचा पाइप वितळतो, लाकडी घराला आग लागते. तडा गेल्याचे बर्फ वितळल्यावरच कळते, म्हणून मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

खरा धोका मात्र रात्री असतो. घरातले पाइप आणि माणसे दोन्ही उबदार राहावीत म्हणून खिडक्या-दारे लावून, फटी बुजवून खोलीत शेगडी, कांगडी किंवा गॅसचा हीटर सुरू ठेवला जातो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून आणि गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरमधील एका भाड्याच्या घरात एकाच कुटुंबातील पाच जण गुदमरून दगावले. त्यांत लहान मुलेही होती.

या विषबाधेत डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, झोप येऊ लागते. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या गावात विरळ हवेचा त्रासही अगदी असाच असतो आणि फसगत होते ती इथेच. ‘उंचीचा त्रास आहे, झोपलात की बरे वाटेल’ असे सांगून माणसाला त्याच बंद खोलीत निजवले जाते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही भरवसा ठेवता येत नाही. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा चांगला दिसतो. खूण एकच लक्षात ठेवावी. खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर हलके वाटत असेल, तर शेगडीवर संशय घ्यावा. सर्वांना बाहेर काढावे आणि रुग्णालयात न्यावे. तिथे शुद्ध प्राणवायू देणे हाच मुख्य उपचार आहे. न्हाणीघरात गॅस गीझर लावणाऱ्या पुण्या-नाशिकच्या घरांनाही हे तितकेच लागू आहे.

पाणी पुन्हा सुरू झाले तरी ते लगेच पिऊ नये. पाइपमधला दाब गेला की तड्यांतून बाहेरचे घाण पाणी आत शिरते आणि त्यातून जुलाब, कावीळ पसरते. आधी थोडे पाणी वाहू द्यावे. प्यायचे पाणी खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, तर दोन हजार मीटरहून उंच गावात तीन मिनिटे उकळावे, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळते.

हे सगळे घरच्यांच्या सावधपणावर सोडून मात्र चालणार नाही. जमीन जितक्या खोलीपर्यंत गोठते, त्याखाली पाइप पुरले तर ते गोठत नाहीत. नव्या जलवाहिन्या टाकताना हे बंधनकारक हवे. पर्यटकांना हिवाळ्यात खोल्या देणाऱ्यांना खोलीत हवा येण्याची सोय आणि कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा बसवायला लावायला हवी. तोपर्यंत पर्यटकांनी एवढे तरी पाळावे : झोपण्याआधी शेगडी विझवून खोलीबाहेर ठेवावी आणि अंगावर एक रजई जास्त घ्यावी.