सार्वजनिक मंचावरील दांपत्य : स्नेह, सन्मान आणि औचित्य



राजकारणातील पती-पत्नींनी शासकीय समारंभात परस्परांविषयीचा स्नेह प्रकट करावा किंवा नाही, हा प्रश्न प्रथमदर्शनी आपल्या घरांपासून फार दूरचा वाटतो. परंतु एखाद्या राष्ट्राध्यक्षाने पत्नीचा हात धरला किंवा तिने तो बाजूला सारला, याच्या दृश्यफिती आज आपल्या कुटुंबातील आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारेच मोबाइलवर पाहतात आणि क्षणार्धात त्या संसाराविषयी निर्णय देऊन मोकळे होतात. हीच सवय जडलेली नजर पुढे समाजाच्या कार्यक्रमात शेजारी बसलेल्या तरुण जोडप्याकडे वळते. ती दोघे हसून बोलली तर मर्यादा सुटली, आणि गप्प राहिली तर घरात काही बिनसले आहे, असा शेरा मारला जातो. म्हणून या विषयाचा थोडा शांतपणे विचार करणे उचित ठरेल.

अमेरिकेतील एका प्रसंगाची आठवण या संदर्भात नेहमी काढली जाते. ऑगस्ट २००० मध्ये लॉस एंजेलिस येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले होते. अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारण्यासाठी व्यासपीठावर आलेले उपाध्यक्ष अल गोर यांनी तेथे पत्नी टिपर यांचे सर्वांसमक्ष दीर्घ चुंबन घेतले. तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या खासगी वर्तनामुळे पक्षाला मोठी नामुष्की सोसावी लागली होती. त्या पार्श्वभूमीवर आपण एकनिष्ठ पती आहोत हे मतदारांना दाखविण्यासाठी गोर यांनी तसे केले, असे अनेकांनी लिहिले. गोर यांनी मात्र ती कृती उत्स्फूर्त असल्याचे सांगितले. पुढे जून २०१० मध्ये, चाळीस वर्षांच्या सहजीवनानंतर, हे दांपत्य विभक्त होत असल्याचे जाहीर झाले. तेव्हा कित्येकांनी ते जुने छायाचित्र पुन्हा पुढे केले आणि ते प्रेम खोटेच होते, असा निष्कर्ष काढला. वस्तुतः दहा वर्षांनंतरच्या घटनेवरून त्या क्षणीची भावना खोटी ठरत नाही. मात्र खासगी स्नेह एकदा निवडणुकीच्या व्यासपीठावर आला की त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला मिळाला, असे जगाला वाटू लागते.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही त्याच देशातील आहे. २० जानेवारी १९७७ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर जिमी कार्टर मोटारीतून उतरले आणि पत्नी रोझलिन यांचा हात हाती घेऊन संसदभवनापासून व्हाइट हाउसपर्यंतचे सुमारे दीड मैलाचे अंतर पायी चालून गेले. ही पदयात्रा अचानक सुचलेली नव्हती. अध्यक्ष हाही सामान्य नागरिकच आहे, हे त्यांना जनतेला दाखवावयाचे होते. तरीही त्या हाती धरलेल्या हातांविषयी कोणी शंका घेतली नाही, कारण पुढील आचरण त्याला अनुरूप राहिले. रोझलिन मंत्रिमंडळाच्या बैठकींना उपस्थित राहून टिपणे घेत. त्यावर टीका झाली, तरी कार्टर यांनी त्यांना दूर सारले नाही. १९४६ मध्ये सुरू झालेला हा संसार २०२३ मध्ये रोझलिन यांच्या निधनापर्यंत, म्हणजे ७७ वर्षे, टिकला.

ब्रिटनच्या राजघराण्याची रीत अगदी निराळी. राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप यांचा विवाह २० नोव्हेंबर १९४७ रोजी झाला. राजकीय समारंभात हे दोघे हातात हात घेतलेले क्वचितच दिसत. शिष्टाचारानुसार फिलिप राणीच्या मागे काही पावले चालत. २ जून १९५३ रोजी राज्याभिषेकाच्या वेळी त्यांनी गुडघे टेकून राणीला निष्ठा अर्पण केली आणि तिच्या गालाचे चुंबन घेतले, परंतु तेही विधीचाच एक भाग होते. या अंतरावरून कोणी त्यांच्या नात्यास कोरडे म्हटले असते, तर ते मोठेच अज्ञान ठरले असते. विवाहाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, राणीने जाहीर भाषणात पतीला आपले बळ आणि आधार संबोधून त्यांचे ऋण मान्य केले. एप्रिल २०२१ मध्ये फिलिप यांच्या अंत्यविधीच्या वेळी साथीच्या निर्बंधांमुळे विंडसरच्या प्रार्थनागृहात त्या एकट्याच बसल्या होत्या. ते छायाचित्र ज्यांनी पाहिले, त्यांना त्या नात्याची खोली वेगळी सांगावी लागली नाही.

या तीन संसारांकडे पाहिल्यानंतर एक गोष्ट ध्यानी येते. बाह्य प्रदर्शनाच्या प्रमाणावरून अंतरीच्या स्नेहाचे माप निघत नाही. दुकानाच्या दर्शनी फळीवर किती माल मांडला आहे, यावरून कोठारातील साठा कळत नाही, हे व्यापारी माणसास वेगळे सांगावयास नको. मे २०१७ मध्ये तेल अवीवजवळील विमानतळावर मेलानिया ट्रम्प यांनी पतीचा पुढे आलेला हात बाजूला सारल्याचे दृश्य जगभर फिरले. फेब्रुवारी २०२० मध्ये हेच दांपत्य आग्र्याच्या ताजमहालाच्या आवारात हातात हात घालून चालताना आपण पाहिले. यांपैकी कोणते दृश्य खरे मानावे? ती दोन्ही दृश्ये काही क्षणांची होती, आणि त्या क्षणांच्या अलीकडे-पलीकडे काय घडले, हे पाहणाऱ्याला ठाऊक असण्याचा संभवच नाही. आपल्याकडे अनेकांताची शिकवण आहे. एका बाजूने दिसलेल्या अंशाला पूर्ण सत्य समजू नये, हा तिचा अर्थ स्वाध्यायापुरता न ठेवता मोबाइलवरील दृश्य पाहतानाही लावावयास हवा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जैन आचारधर्माने गृहस्थाला प्रेम वर्ज्य केलेले नाही. श्रावकाच्या अणुव्रतांत स्वदारसंतोषाला स्थान आहे. पती-पत्नींनी परस्परांतच संतुष्ट असावे, ही तेथे अपेक्षा आहे, आणि अशा संतोषाचा एखादा सहज उद्गार चारचौघांत उमटला तर त्यात लज्जास्पद काही नाही. आई-वडील एकमेकांशी प्रेमाने बोलतात हे पाहत वाढलेल्या मुलांना संसाराचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. दोष आहे तो मायाचाराचा. मनात एक आणि देहाने दुसरे दाखविणे याला आपल्या शास्त्रांनी कषायांत गणले आहे, आणि दशलक्षण पर्वातील आर्जव धर्माचा आशय मन, वचन व काया यांच्या एकरूपतेचाच आहे. मते मिळविण्यासाठी दाखविलेले प्रेम जसे या कसोटीवर उतरत नाही, तसेच लोक काय म्हणतील या भयाने धारण केलेला खोटा रुक्षपणाही उतरत नाही.

मग शासकीय समारंभात काही मर्यादा असावी की नाही? असावी, आणि तिचे कारण सोवळेपणाहून वेगळे आहे. समारंभ पदाचा असतो, व्यक्तीचा नसतो. आपण ट्रस्टचा पैसा आणि घरचा पैसा एका गल्ल्यात ठेवीत नाही. घरचा पैसा अशुद्ध असतो म्हणून नव्हे, तर ट्रस्टच्या हिशेबावर इतरांचा हक्क असतो म्हणून. तोच विवेक येथे लागू पडतो. हुतात्म्यांना आदरांजली वाहताना, आपत्तिग्रस्तांच्या भेटीस गेल्यावर किंवा दुसऱ्या देशाचे अतिथी असताना त्या प्रसंगाचा मान प्रथम राखावा लागतो, आणि यजमानांच्या चालीरीतींकडेही पाहावे लागते. विजयाच्या आनंदात पत्नीचा हात उंचावणे शोभते, तेच शोकसभेत शोभणार नाही. प्रसंगाचे भान आणि जोडीदाराची मनापासूनची संमती, या दोन गोष्टी असल्या की वेगळ्या नियमावलीची आवश्यकता उरत नाही. विशेषतः दुसरी गोष्ट दुर्लक्षित राहते. छायाचित्रकारांसमोर ज्याचा हात ओढून धरला जातो, त्याला त्या क्षणी नकार देण्याचीही सोय नसते.

प्रेम सर्वांसमोर दाखविणे हे कोणाचे कर्तव्य नाही. सन्मान मात्र सर्वांसमोरच राखावा लागतो, आणि आपल्या सार्वजनिक जीवनात उणीव आहे ती त्याचीच. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. तरीही कित्येक ठिकाणी निवडून आलेली पत्नी आणि निर्णय घेणारा पती, असे चित्र दिसते. अशा पतीला लोक ‘सरपंचपती’ म्हणतात. व्यासपीठावर पत्नीला हार घालून छायाचित्र काढून घेणारा, आणि सभा सुरू होताच तिच्या वतीने बोलू लागणारा पती स्नेह दाखवितो की तिचे पद वापरतो, याचा विचार झाला पाहिजे. ज्या सभेत पत्नी अध्यक्षस्थानी आहे, तेथे पतीने श्रोत्यांत बसून तिचे म्हणणे ऐकून घेणे, हे हातात हात घेण्यापेक्षा कितीतरी मोठे स्नेहदर्शन आहे.

हे सांगताना केवळ राजकारण्यांकडे बोट दाखवून चालणार नाही. आपल्या अनेक पेढ्यांच्या भागीदारी पत्रांत घरातील स्त्रियांची नावे असतात, त्यांच्या सह्या असतात, परंतु नवी जागा घेताना किंवा कर्ज काढताना त्यांना विचारले जातेच असे नाही. नव्या दालनाच्या उद्घाटनाला मात्र त्याच भागीदार फीत कापण्यासाठी पुढे उभ्या केल्या जातात. पूजाविधानात इंद्र-इंद्राणी म्हणून जोडीने बसणाऱ्या दांपत्यांपैकी कितीजण वर्षभराच्या व्यवहारात एकमेकांचा शब्द मानतात, हे ज्याचे त्याने तपासावे. मंचावरची जोडी शोभून दिसण्यासाठी घरातील व्यवहार तिला साजेसा असावा लागतो.

शेवटी आपल्याच मातीतील एक उदाहरण. यशवंतराव चव्हाण आणि वेणूताई यांचा विवाह जून १९४२ मध्ये झाला आणि पहिल्याच वर्षात स्वातंत्र्यलढ्यामुळे वेणूताईंना तुरुंगवास घडला. पुढे यशवंतराव महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि अनेक देशांत भारताचे प्रतिनिधी म्हणून वावरले. त्यांच्या संसाराची ख्याती कोणत्याही व्यासपीठावरील दृश्यामुळे झाली नाही. परंतु त्या परदेश दौऱ्यांतून, शासकीय कामकाज आटोपल्यावर, ते वेणूताईंना पत्रे लिहीत आणि पाहिलेले, ऐकलेले सारे त्यांना कळवीत. ही पत्रे पुढे ‘विदेश दर्शन’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १ जून १९८३ रोजी वेणूताईंचे निधन झाले. यशवंतरावांनी कराड येथे त्यांचे स्मारक उभे केले आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये तेही गेले.

दिवसभर देशाच्या कामात असलेला माणूस रात्री आपल्या पत्नीला त्या कामाचा वृत्तांत देण्यायोग्य समजतो, यात स्नेह आणि सन्मान दोन्ही आले. असे ज्यांचे नाते आहे, त्यांनी समारंभात हात धरला तरी पदाची अप्रतिष्ठा होत नाही, आणि न धरला तरी काही उणे पडत नाही. राजकारणातील दांपत्यांकडून आपण सन्मानाची अपेक्षा अवश्य करावी. त्यांच्या प्रेमाचा पुरावा मागू नये. आणि आपल्या घरातील तरुण जोडप्यांनाही तो मागू नये, एवढी सवय आपण वडीलधाऱ्यांनी स्वतःला लावून घ्यावी.